आतडं घाई करतं, लिव्हर थांबवून ठेवतं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून एमएस्सी करून आतडं आणि यकृतावर काम करणाऱ्या लॅबमध्ये जायचं मनात असेल, तर आधी एक सांगते: तिथलं वेळापत्रक पेशींच्या हातात असतं. हे ज्याला लवकर कळतं त्याची पीएचडी कमी रेंगाळते.

आतड्याच्या अस्तरातल्या पेशी 3 ते 5 दिवसांत बदलतात. प्रयोग फसला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडा. लिव्हरच्या पेशी महिनोन्महिने टिकतात. उंदरात फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरला व्रण पडून येणारा कडकपणा, आणायचं तर कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन आठवड्यातून दोनदा, असं चार-सहा आठवडे तरी द्यावं लागतं. आणि हेच संथ लिव्हर, रॅटमध्ये दोन तृतीयांश कापून काढलं तर 7 ते 10 दिवसांत जवळजवळ मूळ वजनावर येतं. 1931 पासून हा प्रयोग होतोय, तरी बघताना नवल वाटतंच. काको-2 या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना आतड्याच्या अस्तरासारखं रूप यायला 21 दिवस लागतात; त्यांना दिवाळी कळत नाही, मीडिया, म्हणजे त्यांचं पोषक द्रावण, बदलावाच लागतो. म्हणून माझा सल्ला, लिव्हरचं जनावरांवरचं काम आधी सुरू करा आणि मधल्या आठवड्यांत आतड्याचं उरका. त्याच्याही आधी प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. तो अर्ज पहिल्याच सेमिस्टरला लिहायला घ्या. मंजुरीविना उंदराला हात लावता येत नाही.

हात बसवायला मात्र मोठी लॅब लागत नाही. बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टला आम्ही बोकडाचं आतडं उलटं करून औषधाचं शोषण मोजायचो. विल्सन आणि वाइजमन यांची ही 1954 ची पद्धत. सकाळी कापताक्षणी मटणवाल्याकडून आतडं घ्यायचं. तो विचारायचाच, ‘‘नुसतं आतडं कशाला ओ ताई, वजडी करणार काय?’’ थंडगार सलाइनमध्ये ते धुऊन घ्यायचं आणि काचेच्या कांडीवर, उशीचा अभ्रा उलटतात तसं हलक्या हाताने उलटायचं. एक टोक दोऱ्याने बांधायचं, आत बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) भरायचा, मग दुसरं टोक. पिशवी औषध घातलेल्या 37 अंशांच्या द्रावणात सोडायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. नख लागलं की अस्तर फाटतं, औषध थेट आत गळतं आणि आकडे भलतेच चांगले येतात. चांगल्या आकड्यांवर संशय घ्यायची सवय मला तिथेच लागली. ऑक्सिजन देऊनही दीड-दोन तासांत ऊती निकामी होते, त्यामुळे सगळं सामान आधी मांडलेलं हवं.

ऑर्गनॉइडला, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या अवयवाच्या इवल्याशा प्रतिकृतीला, वेगळा संयम लागतो. 2009 मध्ये आतड्याच्या एकाच मूळपेशीपासून ते वाढवून दाखवले गेले आणि क्षेत्राचा नूरच पालटला. ते ज्या मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये वाढतात, ते रात्रभर 4 अंशांवर वितळवायचं आणि पिपेटच्या टिपसुद्धा गार ठेवायच्या, नाहीतर ऊब लागून ते पिपेटमध्येच थिजतं. पावसाळ्यात बुरशीचं बघा. आपल्याकडचा पाऊस, त्यात दमट कोट. कल्चर रूमचा कोट वेगळा ठेवा आणि इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी बदलत राहा.

टप्पे सगळ्यांना पाठ असतात: नेट ही पात्रता परीक्षा, कोर्सवर्क, जेआरएफ (ज्युनिअर फेलोशिप) वरून एसआरएफ (सीनिअर फेलोशिप), सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा सारांश. 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि एसआरएफला 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, दोन-तीन महिन्यांची तजवीज घरून करून निघा. मला विचाराल तर खरा टप्पा तो, जेव्हा तुमचा प्रोटोकॉल (प्रयोगाची लेखी कृती) वाचून ज्युनिअर तुम्हाला न विचारता तोच निकाल काढतो.

मराठी माध्यमाचं दडपण घेऊ नका. पेपर वाचून इंग्रजी येतंच. उलट बायोप्सीचे, म्हणजे पेशंटच्या अवयवाच्या तुकड्याचे, नमुने लागतात तिथे संमतिपत्र पेशंटला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. आपल्या भागात कन्नड आणि मराठी दोन्ही. चिक्कोडीच्या आजोबांना ‘‘तुकडा कशाला घेताय, कुठे ठेवणार?’’ याचं उत्तर ज्याला नीट देता येतं, तो टीमला हवाच असतो. कन्नड शाळेपुरतं शिकून सोडलं असेल तर पुन्हा हातात घ्या.

सुरुवात घराजवळून करायची तर बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, मेडिकल कॉलेजही तिथेच. प्रोजेक्टच्या जागांवर लक्ष ठेवा. बंगळूरला मुलाखत असेल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येतं. गाईडना भेटाल तेव्हा एवढं विचारा: आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली आणि जनावरांची मंजुरी हातात आहे की यायची आहे?