बंदिस्त मत्स्यसंवर्धन: पर्यावरणाचा लाभ हिशेबात कसा उतरवावा

बंदिस्त जागेतील टाक्यांमध्ये तेच पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून मासे वाढवण्याच्या पद्धतीला पुनर्चक्रीय मत्स्यसंवर्धन म्हणतात. या व्यवसायातील मंडळी तिला थोडक्यात ‘आरएएस’ (रिसर्क्युलेटिंग अ‍ॅक्वाकल्चर सिस्टिम) म्हणतात. ही पद्धत पर्यावरणस्नेही असल्याचे तिच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते आणि ते खोटेही नाही. मात्र टाक्या आणि गाळण्या बसवल्या की हा लाभ आपोआप पदरात पडतो, असे समजून चालणारा पुढे फसतो. पाणी, सांडपाणी, निसटणारे मासे आणि वीज या चार खात्यांचा हिशेब ज्याने आराखडा काढतानाच मांडला, त्याच्याच प्रकल्पात हा लाभ प्रत्यक्ष दिसतो. तो हिशेब कसा मांडावा आणि त्यानुसार प्रकल्प कसा उभारावा व चालवावा, हे पुढे दिले आहे.

पाण्याची टक्केवारी नीट वाचावी

उदाहरणासाठी एक लहान प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवू. एकूण पाणी २० घनमीटर आहे, त्यात सुमारे १ टन मासे आहेत आणि रोज १० किलो खाद्य दिले जाते. दीड किलो खाद्यामागे १ किलो वाढ धरली, तर दररोज सुमारे ६.७ किलो मासळी तयार होते. पंप दर तासाला सगळे पाणी एकदा गाळणीतून फिरवतो, म्हणजे दिवसाला ४८० घनमीटर. हेच पाणी एकदा वापरून सोडून द्यायचे ठरवले असते, तर १ किलो मासळीमागे ७० हजार लिटरांहून अधिक पाणी लागले असते.

आता खाद्यातील नत्राचा माग काढू. खाद्यात ३५ टक्के प्रथिने असतील आणि प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नत्र असते हे लक्षात घेतले, तर १० किलो खाद्यातून रोज ५६० ग्रॅम नत्र प्रकल्पात येते. त्यातील सुमारे १७० ग्रॅम माशांच्या अंगी लागते, सुमारे ३२० ग्रॅम मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते आणि उरलेले विष्ठेबरोबर जाते. जैविक गाळणीतील जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या टप्प्यावर बरेच जण ‘पाणी शुद्ध झाले’ असे मानतात. वास्तविक नत्र पाण्यातच असते, केवळ माशांना सोसेल अशा रूपात असते. रोज ३२० ग्रॅमची भर पडत असताना नायट्रेटमधील नत्राची पातळी लिटरमागे १०० मिलिग्रॅमवर रोखून धरायची असेल, तर रोज ३,२०० लिटर पाणी बाहेर काढून तेवढेच ताजे पाणी भरावे लागते. म्हणजे १ किलो मासळीमागे सुमारे ४८० लिटर. सत्तर हजारांच्या तुलनेत ही बचत फार मोठी आहे, यात शंका नाही.

येथेच एक मेख आहे. फिरणाऱ्या ४८० घनमीटरांपैकी ३.२ घनमीटरच बदलले जातात, म्हणून विक्रेता ‘९९ टक्के पाणी पुन्हा वापरले जाते’ असे सांगू शकतो. टाकीतल्या २० घनमीटरांच्या तुलनेत पाहिले तर रोज १६ टक्के पाणी बदलले जाते, हेही तितकेच खरे. दोन्ही आकडे एकाच प्रकल्पाचे आहेत. म्हणून कोणतीही यंत्रणा निवडताना टक्केवारी बाजूला ठेवून ‘१ किलो खाद्यामागे किती लिटर ताजे पाणी’ एवढेच विचारावे. आपल्या उदाहरणात हे उत्तर ३२० लिटर येते. भरणीच्या नळावर मीटर बसवून ही नोंद रोज ठेवावी.

हा आकडा आणखी खाली आणायचा असेल, तर विनायट्रीकरणाची टाकी जोडावी लागते. तिच्यात प्राणवायूचा अभाव ठेवतात आणि जिवाणूंना कर्बाचा स्रोत म्हणून काकवी किंवा प्रकल्पातीलच गाळ पुरवतात. मग ते नायट्रेटमधील प्राणवायू वापरून नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. जैविक गाळणीत खर्च झालेली विम्लता, म्हणजे आम्ल सामावून घेण्याची पाण्याची क्षमता, या क्रियेत सुमारे निम्मी परत मिळते, हा वरचा फायदा. मात्र या टाकीतील नायट्रेट पूर्णपणे संपू देऊ नये, कारण त्यानंतर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होण्याचा धोका असतो आणि खाऱ्या पाण्यात तो विशेष मोठा असतो. नवख्याने पहिल्या वर्षी या टाकीच्या वाटेला न गेलेलेच बरे.

मोजणीबाबत एक सूचना आवश्यक आहे. काही परीक्षण संच नायट्रेट दाखवतात, तर काही नायट्रेटमधील नत्र. दोन्ही आकड्यांत ४.४ पटींचा फरक असतो आणि तो न कळल्यामुळे विनाकारण पाणी ओतून देण्याची चूक सहज घडते.

जैविक गाळणीला वेळ द्यावा

गाळणी कोसळली की मासे वाचवण्यासाठी टाक्याच्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात आणि कित्येक आठवड्यांची बचत एका दिवसात गटारात जाते. म्हणून गाळणीची स्थिरता हा पाण्याच्या खात्यातलाच विषय समजावा. नव्या गाळणीत जिवाणूंचा थर बसायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. या काळात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्ले, सोडण्याची घाई न करता अमोनियम क्लोराइडची अल्प मात्रा देऊन गाळणी तयार करावी आणि दिलेला अमोनिया व त्यापासून झालेले नायट्राइट दोन्ही एका दिवसात नाहीसे होऊ लागले, की मगच मासे सोडावेत.

अमोनियातील १ ग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७.१ ग्रॅम विम्लता खर्च होते. आपल्या उदाहरणातील ३२० ग्रॅमसाठी हे रोजचे प्रमाण जवळजवळ दीड किलो प्राणवायू आणि सव्वादोन किलोंहून थोडी अधिक विम्लता असे येते. माशांना लागणारा प्राणवायू वेगळा. विम्लता भरून काढण्यासाठी खाण्याचा सोडा वापरतात. सामू (पीएच) ७ ते ८ च्या दरम्यान, विद्राव्य प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर आणि नायट्राइट १ मिलिग्रॅमच्या खाली ठेवावे.

खाद्य आणि गाळ

खाद्याचा अपव्यय थेट सांडपाण्यात मोजला जातो, हे आकड्यांतून पाहण्यासारखे आहे. त्याच ६.७ किलो वाढीसाठी १० ऐवजी १२ किलो खाद्य लागले, तर माशांच्या अंगी लागणारे नत्र वाढत नाही. जादा २ किलोंमधील सर्व ११२ ग्रॅम नत्र पाण्यात किंवा गाळात जाते आणि एकूण टाकाऊ नत्र ३९० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर पोहोचते. खाद्य अवघे २० टक्के वाढले, पण प्रदूषणाचा भार मात्र जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढला. म्हणून खाद्यातील भुकटी चाळून काढावी, ते थोडे थोडे आणि अनेक वेळा द्यावे आणि मासे खाद्याकडे दुर्लक्ष करू लागताच हात आखडता घ्यावा. खाद्यातील मासळीची भुकटी आणि सोयाबीन कोठून येते, हा प्रश्न मात्र कोणत्याही गाळणीने सुटत नाही. त्याचे उत्तर खाद्य निवडतानाच शोधावे लागते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मला पाण्यापेक्षाही गाळात दिसतो. समुद्रातील जाळीच्या पिंजऱ्यात विष्ठा आणि उरलेले खाद्य थेट तळाशी जाते आणि ते परत गोळा करण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही. बंदिस्त प्रकल्पात ते हाती लागते. कोरड्या वजनाच्या हिशेबाने १० किलो खाद्यामागे सुमारे अडीच किलो घन कचरा तयार होतो आणि जलाशयांत शेवाळ माजवणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा याच कचऱ्यात असतो. तो पकडण्यासाठी टाकी गोल असावी, तळाचा उतार मध्यावरील निचऱ्याकडे असावा आणि पाण्याला फिरती गती द्यावी, म्हणजे विष्ठा मध्यावर गोळा होते. तेथून ती पंपाच्या आधीच ड्रम फिल्टरमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपावरील जाळीच्या गाळणीत, गेली पाहिजे; ड्रमची जाळी बहुधा ४० ते १०० मायक्रॉनची असते. पंपाच्या पात्यांत सापडून विष्ठेचा एकदा भुगा झाला, की अतिसूक्ष्म कण कोणतीही जाळी अडवू शकत नाही. गाळ रोज बाहेर काढावा, कारण तो पाण्यात पडून राहिला की त्यातील स्फुरद आणि अमोनिया पुन्हा पाण्यात विरघळतात आणि पकडलेला कचरा हातचा सुटतो.

फिल्टर धुतल्यानंतर येणाऱ्या पाण्यात घन भाग फारच थोडा असतो. ते शंकूच्या आकाराच्या टाकीत निवळू द्यावे, वरचे पाणी वेगळे काढावे आणि खालचा दाट गाळ भू-वस्त्राच्या (पाणी झिरपू देणाऱ्या जाड कृत्रिम कापडाच्या) पिशवीत निथळवून कंपोस्टमध्ये किंवा बायोगॅस संयंत्रात वापरावा. गोड्या पाण्याच्या प्रकल्पातील गाळ शेतीला चालतो. खाऱ्या पाण्यातील गाळ मीठ धुऊन काढल्याशिवाय जमिनीत घालू नये. बाहेर पडणारे नायट्रेटयुक्त पाणी वाफ्यांना, रोपवाटिकेला किंवा पाणवनस्पतींच्या कुंडाला द्यावे. ते थेट ओढ्यात सोडायचे असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी केला, असा प्रश्न पडतो.

मासे आणि रोग बाहेर जाऊ नयेत

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रेस बेटाजवळ जाळीचा पिंजरा कोसळला आणि अटलांटिक सामन (सॅल्मन) जातीचे दोन लाखांहून अधिक मासे पॅसिफिकच्या पाण्यात निसटले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने परक्या जातींचे असे पालन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. बंदिस्त प्रकल्पात हा धोका जवळजवळ शून्यावर आणता येतो, पण त्यासाठी अडथळे प्रत्यक्ष बसवावे लागतात. टाकीचा निचरा, ड्रम फिल्टर आणि बाहेर जाणारी वाहिनी अशा तिन्ही ठिकाणी सर्वांत लहान बोटुकलीपेक्षा बारीक जाळी असावी आणि जाळीला पर्यायी, उघडा असा कोणताही मार्ग नसावा. इमारत पूररेषेच्या बाहेर असावी, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगितले पाहिजे.

रोगांचे म्हणाल, तर आत येणारे पाणी अतिनील किरणांखालून काढावे आणि नवी बोटुकली काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावी. प्रतिजैविके जैविक गाळणीतील जिवाणूंनाही मारू शकतात, त्यामुळे औषध टाळण्यात मत्स्यपालकाचा स्वतःचाच स्वार्थ असतो. निसर्गाचे हित आणि धंद्याचे हित इतके सरळ जुळलेले क्वचितच दिसते.

विजेचे खाते

या पद्धतीची उणी बाजू येथे आहे आणि ती लपवू नये. तळ्यात सूर्यप्रकाश, शेवाळ आणि वारा जे काम फुकट करतात, तेच येथे पंप, ब्लोअर आणि तापनियंत्रण करतात. कोळशावर तयार झालेली वीज वापरून पाणी वाचवले, तर एका खात्यातील बचत दुसऱ्या खात्यात खर्ची पडते.

सर्वांत सोपी बचत उंचीत आहे. ६० टक्के कार्यक्षमतेचा पंप १ घनमीटर पाणी १ मीटर वर चढवायला सुमारे ०.००४५ युनिट घेतो. तासाला २० घनमीटर पाणी ३ मीटर चढवले, तर दिवसाला साधारण साडेसहा युनिट, म्हणजे १ किलो मासळीमागे जवळजवळ १ युनिट केवळ पाणी फिरवण्यात जाते. गाळण्या टाक्यांच्या पातळीजवळ आणून, रुंद नळ आणि कमी वळणे वापरून ही उंची दीड मीटरवर आणली, की खर्च निम्मा होतो. हा निर्णय पाया खणण्याआधीच घ्यावा लागतो. नंतर तो सुधारत नाही. तापमानाचा खर्च माशाच्या जातीवर ठरतो, म्हणून पाण्याच्या नैसर्गिक तापमानात वाढणारी जात निवडावी आणि भिंती व छताला उष्णतारोधक आवरण द्यावे. दाट साठ्यात पुरवठा खंडित झाल्यावर काही मिनिटांतच प्राणवायू घसरू लागतो. त्यामुळे जनरेटर आणि प्राणवायूचे राखीव सिलिंडर हवेतच. टनभर मेलेली मासळी पुरण्याइतका पर्यावरणाचा दुसरा अपव्यय नाही.

काढणीच्या वेळी एक खर्च नजरेतून सुटतो. अशा प्रकल्पांतील माशांना जिओस्मिनसारख्या द्रव्यांमुळे मातकट चव येते आणि ती घालवण्यासाठी त्यांना विक्रीपूर्वी काही दिवस खाद्य न देता स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवावे लागते. हे पाणी हिशेबात धरलेच पाहिजे. उपाशी माशांच्या या टाकीतून निघणाऱ्या पाण्यात नत्र फारसे नसते, म्हणून ते गटारात न सोडता मुख्य टाक्यांच्या रोजच्या ३,२०० लिटरांच्या भरपाईसाठी वळवावे. तेवढ्याच प्रवाहात काम भागवले, तर या टप्प्यासाठी वेगळे पाणी लागत नाही.