अनोळखी फुलझाड ओळखायचंय? फक्त फुलाचा फोटो काढू नका

बागेत आपोआप उगवलेलं झाड फुललं की आपण लगेच फुलाचा क्लोजअप काढतो आणि विचारत बसतो हे कोणतं, पण नुसत्या फुलावरून खूपदा फसायला होतं कारण पाच पाकळ्यांची पिवळी फुलं कितीतरी झाडांना येतात. ओळख पटायला फुलाबरोबर पान आणि खोडही बघावं लागतं. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा करवतीसारखी आहे की सपाट, हे आधी बघा, मग कोवळं खोड दोन बोटांत धरून हळूच फिरवा, चौकोनी लागलं आणि पानं समोरासमोर असतील तर तुळस-पुदिन्याच्या कुळातलं असण्याची बरीच शक्यता, पान चुरगळून वास आला तर अजूनच. फुलाच्या मधोमध पुंकेसर एकत्र जुळून नळी झालेली दिसली, जास्वंदीला असते तशी, तर ते जास्वंदीच्याच कुळातलं असण्याची बरीच शक्यता.

पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर मात्र सांभाळून, डोळ्याला हात लावू नका, आधी हात धुवा. आणि चव घेऊन तर कधीच बघू नका प्लीज!

फोटो काढताना पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, कळी, फूल बाजूने आणि जमलं तर शेंग किंवा फळ असे पाच-सहा काढा. गुगल लेन्स किंवा प्लांटनेट असं फोटोवरून झाड ओळखणारं अ‍ॅप जे नाव देईल ते लगेच खरं धरू नका, त्या नावाच्या झाडाची पानं आपल्या पानांशी जुळवून बघा.