जॉइनिंग बोनसला हो म्हणण्याआधी फिक्स्डचं बोला

नोकरीची ऑफर आल्याचा फोन घरी केला की बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं: ‘चांगली आहे ना? मग घेऊन टाक, उगाच ताणू नकोस.’ त्यामागची काळजी खरी असते, पण सल्ला महागात पडतो. कंपनीने तुम्हाला निवडलेलं असतं आणि मॅनेजर जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत असतो. तुमच्या शब्दाला या चार-पाच दिवसांत जेवढं वजन असतं, तेवढं पुढे दोन-तीन वर्षं नसतं. सभ्यपणे विचारलं म्हणून ऑफर मागे घेतली, असं मी माझ्या ओळखीत एकदाही पाहिलेलं नाही. फार तर ‘नाही जमणार’ म्हणतात.

सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांतला फरक तुम्हाला माहीत असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते जॉइनिंग बोनसबद्दल, म्हणजे रुजू होताना एकदाच मिळणाऱ्या रकमेबद्दल. मी तिथे अडकले आणि त्याचा फटका पुढच्या नोकरीपर्यंत बसला.

तुम्ही फिक्स्ड, म्हणजे दरमहा मिळणारा ठरलेला पगार, वाढवून मागता. एचआर म्हणतात, ‘बँडच्या (त्या पदासाठी ठरलेल्या पगाराच्या मर्यादेच्या) वर जाता येत नाही, पण दीड लाख जॉइनिंग बोनस देऊ.’ मुंबईत नवीन भाड्याचं घर, डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे दीड लाख ऐकून आपण लगेच हो म्हणतो. आता हिशेब करा. समजा ऑफर साडेबारा लाखांची आहे: फिक्स्ड ९ लाख, व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) सव्वा लाख, जॉइनिंग बोनस दीड लाख, आणि कंपनीच्या वाट्याचा पीएफ अधिक ग्रॅच्युइटी मिळून पाऊण लाख. बेसिक (मूळ वेतन) फिक्स्डच्या निम्मं धरलं तर महिन्याच्या ७५,००० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जातो (फेब्रुवारीत ३००). नव्या करप्रणालीत या आकड्यावर २०२५-२६ पासून प्राप्तिकर लागत नाही, तरी हातात येतात ७०,३००. साडेबारा लाख भागिले बारा करून लाखभर रुपये मनात धरले असतील, तर ते आताच पुसून टाका.

खरा फटका दुसऱ्या वर्षी बसतो. इन्क्रिमेंट फिक्स्डवर लागतं, बोनसवर नाही. ८ टक्के मिळाले तर फिक्स्ड ९ लाख ७२ हजार होतं. पहिल्या वर्षी फिक्स्ड आणि बोनस मिळून साडेदहा लाख आले होते, म्हणजे चांगलं काम करून, पगारवाढ घेऊनही वर्षाची कमाई ७८ हजारांनी घटली. याउलट बोनस सोडून फिक्स्डमध्ये फक्त ७५ हजार वाढवून घेतले असते, तर त्याच ८ टक्क्यांनी दुसऱ्या वर्षाअखेरीस दोन्ही रस्ते जवळपास बरोबरीला येतात आणि तिसऱ्या वर्षाअखेरीस तुम्ही सुमारे ९३ हजारांनी पुढे असता. बोनसच्या निम्मी रक्कम, तरीही. शिवाय पुढची कंपनी पगाराच्या स्लिपा मागते, आणि त्यांवर दिसतं ते फिक्स्ड. माझं पुढचं बोलणं त्याच कमी आकड्यापासून सुरू झालं.

आणि वसुलीचं कलम. वर्षाच्या आत सोडलंत तर बोनस परत, असं बहुतेक पत्रांत असतं. काही ठिकाणी मुदत दोन वर्षं असते. पगार जास्त असेल तर बोनसवर टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापून पैसे हातात येतात, पण परत मागतात ती अख्खी रक्कम. म्हणून दोन गोष्टी लेखी मागा: जितके महिने काम केलं त्या प्रमाणात वसुली कमी व्हावी, आणि कंपनीनेच काढलं तर वसुली नसावी. हे मागण्यात उद्धटपणा काहीच नाही. एचआरला असे प्रश्न रोजचे असतात.

घाबरू नका, बोनस वाईट नसतो. आधी फिक्स्डचं बोलणं पूर्ण संपवा, मग बोनस मागा. एवढा क्रम पाळला तरी पुरतं. फोनवर मी आता असं बोलते: ‘काम आवडलंय, जॉइन व्हायची इच्छा आहे. माझ्या अनुभवाला फिक्स्ड इतकं असावं असं मला वाटतं. तुम्ही आत बोलून बघाल का?’ एवढं बोलून थांबायचं. ती शांतता असह्य होते, पण आपणच मध्ये बोलून आकडा खाली आणायचा नाही.

खोटी ऑफर दाखवा, स्लिपमधला आकडा बदला, असं सांगणाऱ्या सीनियरपासून लांब राहा, मग तो कितीही जवळचा असो. बॅकग्राउंड तपासणीत फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट मागतात, पीएफच्या नोंदीतून कुठे किती काळ होतात तेही कळतं. पैसे घेऊन ‘निगोशिएशन’ शिकवणाऱ्या कोर्सांबद्दलही माझं मत चांगलं नाही. त्याच क्षेत्रात, तुमच्याहून दोनच वर्षं पुढे असलेली व्यक्ती शोधा. तिला आजचे आकडे माहीत असतात.

पैसे हलतच नसतील तर घरून कामाचे दिवस मागा. डोंबिवलीहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलाला) रोज जाणं म्हणजे सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला उतरणं आणि पुढे शेअर रिक्षाची रांग. तीच नोकरी ऐरोलीत असेल तर ठाण्याला गाडी बदलून काम भागतं. आठवड्यातले दोन दिवस घरून मिळाले तर माझ्या लेखी ते छोट्या पगारवाढीहून मोलाचे आहेत, पण ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर हवेत. मॅनेजर बदलला की तोंडी शब्द गेला. उलट ‘एचआरए (घरभाडे भत्ता) वाढवून देतो’ म्हणाले तर खूश होण्याआधी करप्रणाली बघा. नव्या प्रणालीत एचआरएची सूट मिळतच नाही.

सही झालेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. व्हॉट्सअॅपवरचं ‘कन्फर्म आहे’ म्हणजे ऑफर नव्हे. सध्याचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल आणि त्यांना तुम्ही लवकर हवे असाल, तर बायआउटचे (उरलेल्या नोटीसच्या बदल्यात जुन्या कंपनीला द्यायचे) पैसे कोण भरणार ते ऑफरच्या ईमेलमध्ये लिहून घ्या.

आईवडील कंपनीच्या विम्यात असतील तर आणखी एक विचारा. जुना ग्रुप विमा साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि नवा जॉइनिंगपासून सुरू होतो. नव्या विम्यात आईवडील आहेत का, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हॉस्पिटलच्या रूमच्या भाड्याला मर्यादा किती, हे पॉलिसीचा कागद मागवून वाचा. मधे दोन आठवड्यांची सुट्टी घ्यायचा विचार असेल, तर त्या काळापुरती घरच्यांची सोय आधी करा, मगच तारीख कळवा.