मिस्टरी ऑडिटचं काम घेण्याआधी तासाचा हिशेब कसा मांडायचा

मी निगडीत राहते आणि 2012 पासून मिस्टरी ऑडिट करते. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात, बँकेत नाहीतर पेट्रोल पंपावर जायचं, चौकशी करायची, सांगितलं असेल तर काहीतरी विकत घ्यायचं आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. दारात कोणी नमस्कार केला का, बिल न मागता दिलं का, बाथरूममध्ये साबण होता का, सगळं. घरात याला ‘आईची हेरगिरी’ म्हणतात. पूर्वी महिन्याला अठरा-वीस विझिट सहज व्हायच्या. परवाच्या दिवाळीच्या महिन्यात चार मिळाल्या आणि त्यातल्या दोन मी नाकारल्या. नाकारायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आज मुख्यतः तेवढंच सांगते.

काम का आटलं, त्याची कारणं फार खोल शोधावी लागत नाहीत. 2020 च्या मार्चमध्ये दुकानं बंद झाली तेव्हा आमचं काम एका रात्रीत थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा बऱ्याच कंपन्यांना आमच्याशिवाय भागवायची सवय झाली होती. आता बिलावरच क्यूआर कोड असतो, गिऱ्हाईक रागावलं तर थेट गूगलवर एक तारा देऊन मोकळं होतं, आणि मालक कॅमेऱ्यात घरबसल्या काउंटर बघतो. बँकेची निम्मी कामं फोनवर गेली, मग शाखेतल्या वागणुकीचं ऑडिट करायचं तरी किती? उरलेलं काम घ्यायला कॉलेजची मुलं ॲपवर तयार असतात. रॅकचा फोटो काढायचा, पन्नास-शंभर रुपये घ्यायचे. मुलांवर माझा राग नाही. त्यांना रस्त्यात जाताजाता जमतं, मला स्कूटर काढावी लागते.

आता हिशेब. कागद घ्या आणि एक विझिट पूर्ण लिहून काढा, फक्त दुकानात घालवलेली वीस मिनिटं नव्हे. माझा तळेगावचा पंप घ्या, फी 250 रुपये. ब्रीफ, म्हणजे काय-काय तपासायचं त्याच्या सूचना, वाचायला 25 मिनिटं, कारण सोळा पानं असतात आणि प्रश्न तिसऱ्याच पानावर लपलेला असतो. जाऊन येऊन 70 मिनिटं. पंपावर 20. रिपोर्ट 50, आणि दुसऱ्या दिवशी क्यूसीचा, म्हणजे रिपोर्ट तपासणाऱ्यांचा, फोन येतो, ‘मॅडम, अटेंडंटच्या गणवेशाचं बटण बंद होतं का?’, त्यात 15 मिनिटं. झाले तीन तास. अंतर जाऊन येऊन 28 किलोमीटर. स्कूटरचं पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग धरून मी किलोमीटरला चार रुपये लावते, म्हणजे 112 रुपये. उरले 138. तासाला 46 रुपये. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई तासाला याच्या दुपटीहून जास्त घेतात, आणि त्यांनी तेवढे घ्यायलाच हवेत.

हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. 2012 मध्ये याच प्रकारच्या पंपाला मला 300 मिळायचे. पेट्रोलचा तेव्हाचा आणि आत्ताचा भाव तुम्हीच आठवून बघा.

स्वतःचा एक आकडा ठरवा. माझा तासाला 150 आहे. त्याखालचं काम एकट्यानं घ्यायचं नाही, पण जोडून घेता येतं. त्याच तळेगावात एक मोबाईलचं दुकान (350) आणि एक बँक (300) एकाच दिवशी मिळाली तर एकूण 900 होतात. अंतर 32 किलोमीटर, म्हणजे 128 रुपये गेले. वाचन, प्रवास, तिन्ही ठिकाणचा वेळ आणि तिन्ही रिपोर्ट मिळून सहा तास वीस मिनिटं. तासाला 122 पडतात. अजून कमीच, पण 46 पेक्षा बरं. इथे घासाघीस करायची.

घासाघीस कधी करायची, याला तिथी असते. एजन्सी म्हणजे कंपन्यांकडून (क्लायंटकडून) हे काम घेऊन आम्हाला वाटणारी मधली संस्था. तिला ठरलेले सगळे आउटलेट महिन्याच्या आत क्लायंटला पुरे करून द्यायचे असतात. एक तारखेला यादी येते, जवळची आणि सोपी ठिकाणं चार दिवसांत उचलली जातात आणि लांबची लोंबकळत राहतात. पाच तारखेला एजन्सीतल्या मुलाकडे फी वाढवून मागितली तर ‘मॅडम, क्लाइंट का बजट ही इतना है’ एवढंच ऐकू येतं. 24-25 तारखेनंतर तोच मुलगा स्वतः फोन करतो. तेव्हा रडगाणं गाऊ नका, महागाई सांगू नका, त्याच्या हातात त्यातलं काही नसतं. आकडा आणि तारीख सांगा. मी म्हणते, ‘तळेगावचे तिन्ही उद्या करते, रिपोर्ट परवा सकाळी दहाच्या आत. पंपाचे 400 करा.’ मग गप्प बसायचं. मधली शांतता अवघड जाते, पण पहिलं बोललं की आपणच खाली येतो. बहुतेक वेळा तो ‘वरिष्ठांना विचारतो’ म्हणून ठेवतो आणि अर्ध्या तासात होकार येतो. पंपाचे 400 धरले की वरचा हिशेब तासाला 146 होतो. चार रुपयांसाठी मी भांडत नाही. आणि कबूल झालेली रक्कम ईमेलवर लिहून घ्या, फोनवरची फी पेमेंटच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

हे जमतं ते रिपोर्ट कधी परत येत नसेल तरच. भाव वाढवून मागणाऱ्या बाईचा रिपोर्ट अर्धवट आला की पुढच्या महिन्यात फोन येत नाही. त्यामुळे माझी पद्धत सांगते. दुकानात वही काढता येत नाही, आणि डोक्यात ठेवलं तर रस्ता ओलांडेपर्यंत सेल्समनचं नाव उडून जातं. मी फोनवर बाजाराची यादी लिहिते. ‘मेथी 4’ म्हणजे चार मिनिटांनी कोणीतरी विचारलं. ‘कोथिंबीर नको’ म्हणजे नमस्कार नाही. ‘लिंबं 2’ म्हणजे काउंटरवर दोघं होते. नावाच्या बॅजवर ‘प्रशांत’ असेल तर ‘प्रशांतला दूध सांगणे’. मागून कोणी स्क्रीन बघितला तरी बाई भाजी आणायला निघालीय एवढंच दिसतं. एकदा यजमानांनी ही यादी बघितली आणि खरंच चार जुड्या मेथी आणली.

पंपाचं ऑडिट असेल तर नोझल लावण्याआधी अटेंडंटनं मीटरवरचं शून्य तोंडानं सांगून दाखवलं का ते ऐकायचं, नुसतं स्वतः बघून टिक करायची नाही. हवा भरायचं यंत्र चालू आहे का ते प्रत्यक्ष हवा भरून पाहायचं. ब्रीफमध्ये असेल तर पेट्रोलमधली भेसळ बघायचा फिल्टर पेपर मागायचा किंवा पाच लिटरच्या मापानं मोजून दाखवायला सांगायचं. गिऱ्हाईकाला तो हक्क असतोच, फक्त कोणी मागत नाही. हे मागितलं की पंपावरचे सगळे तुमच्याकडे बघायला लागतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

बिलाचा फोटो चारही कोपरे दिसतील असा, दुकानातून बाहेर पडताच काढा. थर्मल कागदावरची अक्षरं पुढे फिकी होत जातात. एका एजन्सीनं माझी 640 रुपयांची हॉटेलची विझिट रद्द केली, कारण फोटोत बिलाचा तारखेचा कोपरा माझ्या अंगठ्याखाली होता. फी गेलीच, जेवणाचे पैसेही गेले. तेव्हापासून खरेदी 500 च्या वर असेल तर मी आधी विचारते, की रिपोर्ट नाकारला तर खरेदीची रक्कम तरी मिळेल का. उत्तर गोलमाल आलं तर काम घेत नाही.

पैसे उशिरा येतात हे धरूनच चाला. 45 दिवस सांगतात, 60 लागतात, मी 90 ही बघितलेत. म्हणून वहीत प्रत्येक विझिटपुढे फी एका रकान्यात आणि स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे दुसऱ्या रकान्यात लिहा. माझे 3000 रुपये अडकलेले असले की नवी खरेदीवाली विझिट मी घेत नाही, मग ती कितीही गोड असो. टीडीएसकडेही, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराकडे, लक्ष ठेवा. एका ठिकाणी माझ्या फीबरोबर परत मिळणाऱ्या बिलाच्या रकमेवरही कापला होता, म्हणजे मी घेतलेल्या शर्टावर मीच कर भरला. ईमेल केल्यावर दुरुस्त केलं, पण ते माझ्या लक्षात आलं म्हणून. आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता उघडून रक्कम जुळवा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ती परत मिळते. रक्कम छोटी असते म्हणून बहुतेक जणी सोडून देतात.

काम कमी झालं की फसवणारे वाढतात, तेव्हा थोडक्यात. नोंदणीचे पैसे मागणारी एजन्सी नको. पॅन आणि बँक खातं मागणं नेहमीचं आहे, ओटीपी मागणं नाही. टेलिग्रामवर ‘हॉटेलला रेटिंग द्या, 150 मिळवा’ म्हणून दोनदा खरोखर पैसे पाठवतात आणि तिसऱ्यांदा ‘प्रीपेड टास्क’ म्हणून तुमच्याकडून भरून घेतात. हे मिस्टरी ऑडिट नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आणि एक काम, जे मला एजन्सीपेक्षा बरं पडतं. चिंचवडला आमच्या ओळखीचे एक मिठाईवाले आहेत, तीन दुकानं. मालक गल्ल्यावर असले की सगळे नीट वागतात, बाकी दोन दुकानांत काय चालतं ते त्यांना कळत नाही. मी त्यांना म्हटलं, ‘काका, महिन्यातून एकदा तुमच्या तिन्ही दुकानांत मी न सांगता जाते, एक पान लिहून देते.’ साठ प्रश्न नाहीत, फक्त काय झालं ते मराठीत. वजन करताना खोक्याचं वजन वजा केलं का, पेढा ताजा म्हणून कालचा दिला का, सुट्टे परत देताना तोंड वाकडं केलं का. 1500 रुपये, त्याच दिवशी रोख. पहिल्या पानात मी एका मुलाचं कौतुक लिहिलं होतं. काकांनी ते पान दुकानात चिकटवलं आणि माझा चेहरा ओळखीचा झाला, म्हणून आता दर दुसऱ्या महिन्याला नणंदेला पाठवते. तुम्ही असं काही सुरू केलंत तर रिपोर्ट भिंतीवर लावायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा.

एखाद्या एजन्सीचं काम सोडायचं असेल तर नुसतं फोन उचलणं बंद करू नका. आधी सगळी थकबाकी खात्यात जमा होऊ द्या, मग ईमेल करून पॅन आणि बँकेचा तपशील काढून टाकायला सांगा, आणि त्यांच्या पोर्टलवरचा आपला फोटोही. माझा एका पोर्टलवर 2014 चा फोटो अजून आहे, त्यात मी पंजाबी ड्रेसमध्ये आहे आणि मागे आमचा जुना फ्रीज दिसतो.