टाचदुखी (प्लांटर फॅसायटिस): शॉकवेव्हने कमी झाली ती अशी

सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा ठोकल्यासारखी कळ. थोडं चाललं की कमी, बसून उठलं की पुन्हा. मऊ चपला, बर्फ, इंजेक्शन सगळं तात्पुरतं. वैताग नुसता!

मग फिजिओकडे आठवड्यातून एकदा रेडियल शॉकवेव्ह (यंत्राच्या टोकाने दुखऱ्या जागी त्वचेवरून दाबाच्या लहरींचे झटपट ठोके), दर वेळी साधारण २००० ठोके. भूल नको, कारण नेमका दुखरा बिंदू आपणच सांगायचा असतो. यंत्राचा दाब सोसेल तसा वाढवायचा. त्या काळात आयब्युप्रोफेन (सूज-दुखीची गोळी) बंद, दर सेशननंतर ४८ तास धावणं बंद.

सोबत दिवसाआड व्यायाम: पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबून, ३ सेकंदांत खाली.

शेवटच्या सेशनला फरक जेमतेमच. खरा आराम पुढच्या दोन-तीन महिन्यांत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा.