ऑइलचा लाल दिवा: इंजिन उघडण्याआधी गेज लावा

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८००सारख्या गाडीतला ऑइलचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की इंजिनच्या ब्लॉकवरचा (मुख्य धातूच्या भागावरचा) छोटा स्विच अर्थिंग देतो आणि दिवा पेटतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलंच असतं. चालत्या गाडीत तो लागला तर लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘हळूहळू गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणणाऱ्यांचीच बेअरिंगं जातात.

सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून पाहा. नुसत्या वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा ऑइलच कमी असतं. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर भरा, पण ते गेलं कुठे तेही शोधा: ड्रेन प्लगचा वॉशर, स्विचची बूड, फिल्टरचं रबर. नवा फिल्टर बसवताना जुनं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलं, तर दोन रबरांतून ऑइल धो-धो गळतं.

पातळी आपोआप वाढलेली दिसली तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास म्हणजे मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटल्याची शक्यता. पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात उतरून ऑइल पातळ होतं. ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय. दोन्ही प्रकारांत गाडी सुरू करू नका.

ऑइल ठीक असेल तर वायर तपासा. चावी ऑन, इंजिन बंद. स्विचवरची वायर काढा. दिवा तरीही पेटलेला राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलीय. विझला तर वायर ठीक. आता स्विच खोटं बोलतोय की प्रेशर खरंच गेलंय, हे प्रेशर मोजणारं गेजच सांगेल.

स्विच काढून त्याच भोकात योग्य आट्याच्या अडॅप्टरने मेकॅनिकल गेज लावा. आटे बऱ्याच जपानी इंजिनांत १/८ इंची टेपर असतात. जबरदस्ती केली तर ब्लॉकचे आटे मरतात. रीडिंग इंजिन पूर्ण तापल्यावर, रेडिएटरचा पंखा एकदा फिरून गेल्यावरच घ्या. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, काटा उगाच वर दिसतो. मॅन्युअल हाताशी नसेल तर ढोबळ हिशोब धरा: दर १००० आरपीएमला १० पीएसआय (सुमारे ०.७ बार). गेज लावल्यावर इंजिन खटखटत असेल आणि काटा शून्यावर असेल, तर दहा सेकंदही चालू ठेवू नका.

गेजवर प्रेशर चांगलं असेल तर फक्त स्विच बदला. टेफ्लॉन टेप लावायचीच तर अगदी थोडी. जास्त गुंडाळली की स्विचचं अर्थिंग तुटतं आणि दिवा कधीच लागत नाही, ते जास्त धोक्याचं. गरम आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) प्रेशर कमी पण रेस दिल्यावर चढत असेल तर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगं झिजलीत. रेस देऊनही काटा खालीच राहिला तर चेंबर उतरवा: आधी ऑइल पंपाच्या तोंडाच्या जाळीतला गाळ, मग रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) अडकलाय का ते, आणि शेवटी ऑइल पंपाची झीज. जुन्या गाळाच्या इंजिनात फ्लश (आतला गाळ सोडवणारं द्रव) ओतू नका. सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो.

जाड ऑइल भरून दिवा विझवणं हा गाडी विकणाऱ्यांचा जुना धंदा. घेणाऱ्याने इंजिन कडक तापवून, आयडलिंगला सोडून पाहावं.