कॉम्प्युटर अपग्रेडला द्यायच्या आधी: ब्राउझरचा टूलबार सांभाळायची तयारी

प्रोफाइल फोल्डर, म्हणजे ब्राउझर तुमचे बुकमार्क, पासवर्ड आणि टूलबारची मांडणी ठेवतो तो फोल्डर. सगळ्यात आधी प्रोफाइल फोल्डर. खालचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढे दोन शब्द कागदावर लिहा आणि मॉनिटरला चिकटवा.

गेल्या उन्हाळ्यात कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचा ऑफिसातला कॉम्प्युटर मी टिळक रोडवरच्या एका दुकानात नेला. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, बसवायची होती आणि जुनी डिस्क पुसून विंडोज ११ नव्याने टाकायचं होतं. काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारलं, "काकू, डेटा काढून घेतलाय ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. संध्याकाळी मशीन जोडलं, फायरफॉक्स उघडला, तर पत्त्याच्या चौकटीखालची पट्टी कोरी. चार वर्षांत एकेक करून तिथे जमवलं होतं: महावितरणचं बिल, महापालिकेचा मिळकत कर, महाभूलेख, बँक. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे मीटर वेगळे आहेत, त्यांचे ग्राहक क्रमांक मी बुकमार्कच्या नावातच लिहून ठेवले होते. मिळकत करावरच्या सवलतीची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि सोसायटीतल्या तीन आजी-आजोबांचा कर मीच भरून देते. त्या दोन दिवसांत जुन्या पावत्या शोधायला किती कपाटं उघडली, ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

हे सगळं प्रोफाइल फोल्डरमध्ये होतं. ब्राउझर तुमचे बुकमार्क डॉक्युमेंट्समध्ये ठेवत नाही. ते अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, आणि लपवलेला फोल्डर आपण कॉपी करतच नाही, कारण तो दिसतच नाही. फायरफॉक्समध्ये तो शोधत बसू नका. उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा, हेल्प, मग मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन. तिथे प्रोफाइल फोल्डर अशी ओळ दिसेल, तिच्यासमोरचं बटण दाबा. फोल्डर उघडला की आधी फायरफॉक्स पूर्ण बंद करा, मग एक पायरी वर जाऊन तो अख्खा फोल्डर उचला. अर्धा उचलू नका. पासवर्ड लॉगिन्स डॉट जेसनमध्ये असतात, पण ते उघडणारी किल्ली की-४ डॉट डीबी या दुसऱ्या फाइलमध्ये. एक आणली आणि दुसरी राहिली तर पासवर्ड गेले. टूलबारवर कुठलं बटण कुठे, तेही त्याच फोल्डरमधल्या प्रेफ्स डॉट जेएसमध्ये लिहिलेलं असतं.

क्रोमवाल्यांनी वेगळं करायचं. क्रोमचा फोल्डर कॉपी करून बुकमार्क येतात, पण पासवर्ड विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेले असतात, दुसऱ्या विंडोजवर ते उघडत नाहीत. म्हणून बुकमार्क मॅनेजरमधून एचटीएमएल फाइल काढा आणि पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्डची फाइल काढा. ही दुसरी फाइल साधी वाचता येते, कुणालाही. पेन ड्राइव्ह दुकानात देऊ नका, आणि काम झालं की फाइल पुसा. सिंक, म्हणजे बुकमार्क वगैरे तुमच्या ऑनलाइन खात्यात आपोआप जपून ठेवणं, चालू असेल तर उत्तमच. पण "असेल" यावर विसंबू नका. दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर त्याच खात्याने उघडा आणि कालचा बुकमार्क दिसतो का ते डोळ्यांनी बघा.

टूलबारचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. एक्स्टेंशनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी दिसते त्या पानाचाही. बाकी चार्जर, वायर, बिल हे तुम्हाला कळतंच.

दुकानात विचारायचं ते एकच: आहे त्यावर अपग्रेड, की सगळं पुसून नवीन? आहे त्यावर केलं तर प्रोफाइल जागेवर राहतं, आणि जुनं विंडोज विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये साधारण दहा दिवस राहून मग आपोआप जातं. पुसून नवीन म्हटलं की काही राहत नाही. त्यांनी "डेटा घेतलाय ना" विचारल्यावर हो म्हणण्याआधी पेन ड्राइव्ह उघडून प्रोफाइल फोल्डर त्यात आहे का ते बघा. मी बघितलं नव्हतं.

आता मशीन घरी आलं आणि टूलबार बिघडलेला दिसतोय. लगेच घाबरू नका आणि रिफ्रेश फायरफॉक्सचं बटण तर आधी अजिबात दाबू नका. त्याने बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, पण एक्स्टेंशन आणि टूलबारची मांडणी जाते. पट्टीच दिसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, क्रोमलाही हेच चालतं. वरचं सगळंच गायब असेल तर एफ-११, बहुतेक वेळा पूर्ण पडदा चालू झालेला असतो. फाइल, एडिट वगैरे मेनूसाठी ऑल्ट. क्रोममध्ये एक्स्टेंशनची चित्रं हरवल्यासारखी वाटली तर कोड्याच्या तुकड्याचं चित्र दाबा, ती आत असतात, पिन करून बाहेर आणायची.

बुकमार्कच नसतील आणि विंडोज पुसलेलं नसेल, तर बहुधा ते गेलेले नसतात. २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल मिळतं. ३२ बिटच्या जागी ६४ बिटचा फायरफॉक्स वेगळा टाकला की नवं कोरं प्रोफाइल उघडतं, जुनं शेजारीच असतं. पत्त्याच्या चौकटीत अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं इंग्रजीत टाका, जुनं निवडा आणि यापुढे नेहमी तेच उघडेल असं ठरवा. पेन ड्राइव्हवरचा फोल्डरही आधी मशीनवर कॉपी करून याच पानावरून जोडायचा. नवा फायरफॉक्स जुन्यापेक्षा जुन्या आवृत्तीचा नको, नाहीतर तो ते प्रोफाइल घेत नाही.

बटणं एकावर एक चढली, अर्धी कापली गेली, तर फायरफॉक्स बंद करून प्रोफाइल फोल्डरमधली एक्स-यू-एल-स्टोअर डॉट जेसन ही फाइल बाजूला काढा. ती परत नवी बनते. टूलबार काळा पडतो किंवा लुकलुकतो तेव्हा दोष बहुतेक ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. ड्रायव्हर अपडेट करा, तोवर सेटिंग्जमधून हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद ठेवा. अक्षरं बारीक झाली तर विंडोजच्या डिस्प्लेमध्ये स्केल १२५ टक्के.

फार जुन्या मशीनवरून येत असाल तर फायरफॉक्सला बाहेरून जोडायचे ते जुने टूलबार शोधू नका. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ ने ते बंद केले. इंटरनेट एक्स्प्लोररही १५ जून २०२२ ला गेला.

उरलं: डीफॉल्ट ब्राउझर, मराठी कीबोर्ड, प्रिंटर. आणि जुनी डिस्क महिनाभर कुणाला पुसू देऊ नका. तिच्यावर प्रोफाइल फोल्डर आहे.